मजीदभाईंच्या कानातला आवाज

ज्या एका वाक्यापायी मजीदभाई परकारांचा रेडिओवरचा कार्यक्रम गेला, ते वाक्य त्यांचं नव्हतं, माझं होतं. साडेतीन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. स्टेशनच्या मॅनेजरला नाही, घरी बायकोलाही नाही. मजीदभाईंना सांगायची गरजच नव्हती, त्यांना सगळं माहीत होतं. त्यांच्यासमोर बसायचं माझ्या जिवावर यायचं ते त्यामुळेच. आता ते जाऊन सहा आठवडे झालेत. त्यांच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहाव्यात म्हणून बसलो, तर प्रत्येक गोष्ट याच एका गोष्टीपाशी येऊन थांबते. म्हणून आधी ही सांगितली.

बातमी आली तेव्हा मी ऑफिसात होतो, इथं आखातात, जुमेरा लेक टॉवर्सच्या अठराव्या मजल्यावर. पुढच्या महिन्याच्या जाहिरातींची मीटिंग चालली होती. मजीदभाईंच्या मुलीचा, सनाचा, इंग्रजीत मेसेज होता. पपा पहाटे गेले, असरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर जनाजा आहे, अजमानला. मी मेसेज वाचला, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि मीटिंग संपेपर्यंत दहा मिनिटं तसाच बसून राहिलो. मध्ये एका आकड्यावर मान हलवून हो म्हणालोही. मजीदभाईंच्या बाबतीत गप्प बसून राहायची मला तोवर सवयच झाली होती...

त्यांची माझी ओळख फोनवरची. संध्याकाळी पाच ते सात आमचा खेळांवर गप्पांचा कार्यक्रम असतो, हिंदीतून. लोक गाडीतून, दुकानातून, लेबर कॅम्पातून फोन करतात आणि निवेदकाशी वाद घालतात. मी तेव्हा त्याचा प्रोड्यूसर. म्हणजे काचेच्या अलीकडे बसून फोन उचलायचे, कोण काय बोलणार ते विचारायचं, कुणाला लाईनवर घ्यायचं ते ठरवायचं, आणि एक बटण दाबून निवेदकाच्या हेडफोनमध्ये सूचना द्यायच्या. तो आवाज फक्त निवेदकाला ऐकू जातो, श्रोत्यांना नाही. मजीदभाई तेव्हा शारजाच्या बंदरात क्लिअरिंगचं काम करायचे आणि रोज पावणेसहाच्या सुमारास त्यांचा फोन यायचा. "सुहासभाई, मजीद बोलतोय, अल नहदाच्या सिग्नलला उभा. अजून वीस मिनिटं मी काही हलत नाही, बिनधास्त होल्डवर ठेवा." बाकीच्यांना भारत-पाकिस्तानवर बोलायचं असायचं. हे सांगायचे की अजमानला वाळूत मॅटिंग टाकून झालेल्या मॅचमध्ये एका प्लंबरनं कशा सहा विकेट काढल्या आणि सातवा कॅच त्याच्याच मेहुण्यानं कसा सोडला. हळूहळू लोक मेहुण्याचं पुढं काय झालं ते विचारायला फोन करू लागले.

आमचा निवेदक अचानक नोकरी सोडून दोहाला गेला, तेव्हा एका संध्याकाळपुरतं बसाल का म्हणून मी मजीदभाईंना विचारलं. ते कडक इस्त्रीचा सफारी घालून, अत्तर लावून आले. जणू रेडिओवर ते दिसणार होते. लाल दिवा लागला. त्यांनी माइकला "अस्सलामु अलैकुम" म्हटलं आणि थांबले. तीन सेकंद, चार सेकंद... रेडिओवर तेवढी शांतता म्हणजे अपघातच. मी बटण दाबून म्हणालो, मजीदभाई, कुणी उत्तर देणार नाही, पुढं चला. त्यावर ते निवांतपणे श्रोत्यांना म्हणाले, "मेरे कान में एक आदमी बैठा है, कहता है कोई जवाब नहीं देगा. पर मुझे मालूम है, आप ने दिया." पुढची वीस मिनिटं टॅक्सीवाल्यांनी नुसत्या सलामाचं उत्तर द्यायला फोन केले. त्या दिवसापासून मी श्रोत्यांसाठी 'कानवाला' झालो. एका संध्याकाळसाठी आलेले मजीदभाई नऊ वर्षं राहिले.

रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून बाविसाव्या वर्षी ते इकडं आले होते. हिंदी बोलतानाही त्यांचं कोकण लपत नसे. स्टुडिओत खायला बंदी होती, तरी रमजान सोडला तर रोज त्यांच्या पिशवीत डबा असायचा. एकदा त्यांच्या बायकोनं, झुबेदाभाभींनी दिलेला तळलेला बांगडा त्यांनी उघडला आणि तो वास एसीतून शेजारच्या हिशेबतपासनिसांच्या ऑफिसात गेला. तिथला माणूस तक्रार घेऊन आला. मजीदभाईंनी त्याला खुर्ची दिली, हातावर भाकरीचा तुकडा ठेवला, आणि तक्रार तिथंच संपली. सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत ते घडीची खुर्ची, थर्मास आणि शाळकरी वही घेऊन मैदानांवर जायचे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियामागची, अजमानच्या रिकाम्या प्लॉटांवरची ही मैदानं नकाशावर सापडत नाहीत. तिथं खेळणारे सुतार, क्रेनवाले, गोदामातली माणसं आठवडाभर वाट बघायची, मजीदभाई आपलं नाव घेतात का याची. एकानं मला सांगितलं होतं, रेडिओवर माझं नाव आलं ते रेडिओजवळ फोन धरून गावी बायकोला ऐकवलं.

आणि म्हणूनच नावाच्या बाबतीत मजीदभाई फार जपून असत. कौतुक करायचं तर एकाच्या सांगण्यावरही करत. पण कुणाचं नाव वाईट कारणासाठी घ्यायचं तर दोन फोन झाले पाहिजेत, दोन वेगळ्या माणसांना. हे फोन करायचं काम माझं. कार्यक्रम चालू असताना त्यांच्या एका कानात फोन करणारा बोलत असे, दुसऱ्यात मी. मला उलट विचारायला त्यांना सवड नसे. मी जे सांगेन ते पुढच्या श्वासाला त्यांच्या तोंडून बाहेर पडायचं. "तू बोललास म्हणजे तू बघितलंस, मग मी कशाला बघू," असं ते म्हणायचे. शंका आलीच तर काचेतून माझ्याकडं बघून दोन बोटं वर करायचे. दोन फोन झाले का? मी मान हलवली की झालं.

इथल्या कंपन्यांच्या लीगमध्ये एक रोग आहे. खेळाडू त्याच कंपनीचा नोकर असावा लागतो, मॅचच्या आधी प्रत्येकाचं ओळखपत्र बघतात. मग संघवाले बाहेरचा चांगला खेळाडू दुसऱ्याच कुणाच्या कार्डावर उतरवतात. मजीदभाईंचा या प्रकारावर भारी राग होता. त्या दिवशी सेमीफायनल झाली होती. सातला पाच मिनिटं कमी असताना हरलेल्या संघाच्या मॅनेजरचा मला मेसेज आला. माझ्या जुन्या ओळखीचा माणूस. जिंकलेल्या मालवाहतूक कंपनीच्या संघातला डावखुरा स्पिनर अन्वर दुसऱ्याच्या कार्डावर खेळतोय. सोबत कार्डाचा फोटो, मैदानावरचा फोटो. दोन चेहरे खरंच वेगळे वाटत होते. दुसरा फोन लीगच्या सेक्रेटरीला करायला हवा होता. त्याला पाच मिनिटं लागली असती आणि कार्यक्रम संपला असता. त्याच आठवड्यात आमच्या नव्या मॅनेजरनं मला केबिनमध्ये घेऊन ऐकवलं होतं की दुसऱ्या स्टेशनवर रोज काहीतरी धमाका असतो, तुमच्याकडं नुसते प्लंबर आणि मेहुणे. मी बटण दाबलं. म्हणालो, "मजीदभाई, पक्की खबर आहे. अन्वर दुसऱ्याच्या कार्डावर खेळतोय. नाव घेऊन बोला."

त्यांनी मान वर केली. काचेतून माझ्याकडं बघितलं. दोन बोटं वर केली.

मी मान हलवली.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. कार्ड अन्वरचंच होतं. अकरा वर्षं तो त्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवत होता. कार्डावरचा फोटो जुना, दाढीचा. मैदानावर तो दाढी काढून आला होता. तेवढाच फरक. पण दुसऱ्याचं ओळखपत्र वापरणं हा इथं साधा गुन्हा नाही. रेडिओवर नाव आलं म्हटल्यावर कंपनीनं त्याला बारा दिवस घरी बसवून चौकशी केली. निर्दोष ठरला, कामावर परत घेतलं, पण भानगड नको म्हणून संघात घेतलं नाही. चौतिसाव्या वर्षी त्याचं क्रिकेट संपलं.

आमच्याकडं सोमवारी मीटिंग झाली. मॅनेजरनं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. रेडिओवर गेलेला प्रत्येक शब्द आम्ही जपून ठेवतो, पण मी बटण दाबून निवेदकाच्या कानात जे बोलतो ते कुठंच रेकॉर्ड होत नाही. त्यामुळे खोलीत फक्त मजीदभाईंचा आवाज घुमला, अन्वरचं नाव घेणारा. मॅनेजरनं विचारलं, ही खबर आली कुठून? मजीदभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी लॅपटॉपवर काहीतरी शोधत होतो. काय शोधत होतो देवाला माहीत, स्क्रीनवर काहीच नव्हतं. मग त्यांचा आवाज आला, "मैदानावर ऐकलं होतं. माझी चूक." मी तोंड उघडलं नाही. त्यांना कार्यक्रमावरून काढलं. रेडिओवर वाचायचा खुलासा लिहायला मॅनेजरनं मलाच सांगितलं, आणि मी तो लिहिला. 'आमच्या निवेदकांनी खातरजमा न करता केलेल्या विधानाबद्दल...' माझ्या हातांनी टाईप केलं, दोनदा तपासून.

खाली पार्किंगमध्ये ते गाडीपाशी उभे होते. मी जवळ गेलो, पण बोलले तेच. "हे बघ, तुझा व्हिसा कंपनीचा, नोकरी गेली की देश सोडायचा. माझा सनाच्या स्पॉन्सरशिपवर. तुझा ओंकार बारावीला ना? मी असाही दोन वर्षांत दमलो असतो. खलास, विषय संपला." मी त्यांना थँक्यू म्हणालो. सॉरी नाही, थँक्यू. घरी जाताना सगळा रस्ता मला वाटत होतं, बरं झालं, मिटलं. हे लिहिताना बोटं थांबतात, पण तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे खरं आहे. नंतर मी त्याला मजबुरी म्हणू लागलो. ओंकारची बारावी झाली, तो कॅनडाला गेला, मी कार्यक्रमप्रमुख झालो. मजबुरी कधीच संपली होती. गप्प बसणं चालूच राहिलं.

मजीदभाई मुलगी-जावयाजवळ अजमानला राहायला गेले. दोन-तीन महिन्यांनी मी जायचो, खजुराचा नाहीतर मिठाईचा डबा घेऊन. त्या घरात माझ्यासाठी मुद्दाम मासे व्हायचे, भाकरी गरम वाढली जायची. वाढताना झुबेदाभाभी कधीतरी म्हणायच्या, "सुहास, ह्यांनी जन्मभर दोन फोन, दोन फोन केलं. त्या एका दिवशी कशी बुद्धी फिरली यांची?" मजीदभाई हसून म्हणायचे, "म्हातारा झालो, दुसरं काय. त्याला करी वाढ." मी खाली बघून जेवायचो. त्यांनी एकदाही, नजरेनंसुद्धा, मला टोचलं नाही. टोचलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो. तेही खोटंच असेल.

शेवटची भेट जानेवारीतली. किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. दुपारचं ऊन बाल्कनीत आलं होतं आणि ते अंगावर शाल घेऊन तिथं बसले होते. त्या दिवशी मी ठरवून गेलो होतो. भाभी आत गेल्यावर म्हणालो, मजीदभाई, त्या दिवशी मी... त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"माझ्याकडं कशाला मागतोस? माझं काय गेलं? दोन तास बोलायचो, ते आता भाभीशी बोलतो. ज्याचं गेलं त्याला भेटलास का? साडेतीन वर्षं झाली, अन्वरला भेटलास?"

मी नाही म्हणालो. लगेच म्हणालो, जातो, पुढच्या आठवड्यात नक्की, इन्शाल्ला.

ते खोकत खोकत हसले. "इन्शाल्ला आम्ही म्हणतो तेव्हा निघायची तयारी असते रे. तुम्ही लोक म्हणता म्हणजे जायचं नाही, हे पोरंसुद्धा ओळखतात."

मीही हसलो. चहा घेऊन निघालो. पुढच्या आठवड्यात गेलो नाही. अकराव्या दिवशी सनाचा मेसेज आला.

जनाजाला खूप माणसं होती. कामाच्या कपड्यांतच आलेली, बुटांना सिमेंट लागलेली. मी एका कडेला उभा होतो. कबरीवर माती टाकायला रांग लागली तेव्हा सनाचा नवरा हळूच म्हणाला, ते बघा, अन्वरभाई आलेत. उंच, किंचित वाकलेला माणूस. त्यानं तीन ओंजळी माती टाकली आणि बराच वेळ हात न झटकता तसाच उभा राहिला. मी गाडीकडं वळलो. त्या दिवशीही पळालोच.

पंधरा दिवसांनी मी अजमानला गेलो आणि भाभींना आणि सनाला सगळं सांगितलं. मेसेज, बटण, दोन बोटं, मान हलवणं, खुलासा, पार्किंग. भाभी ऐकत होत्या. संपल्यावर उठून आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या नाहीत. सना शारजात वाढलेली, आमच्या मराठीला इंग्रजीतच उत्तर देते. मी ती चिडेल म्हणून तयारीत होतो. ती चिडली नाही. तिनं जेवणाच्या टेबलाकडं बघितलं आणि म्हणाली, "अंकल, यू एट हिअर. ऑल दोज टाइम्स." मी उठलो. दारापर्यंत ती आली, अन्वरचा नंबर तिनंच दिला.

अन्वर म्हसळ्याकडचा. शारजात त्याच्या गोदामासमोरच्या कॅफेटेरियात भेटलो. दुधाचे दोन करक चहा पुढ्यात निवत होते. तो सुरुवातीला अदबीनं वागत होता, मजीदचाचांचे दोस्त म्हणून. मी बोलून झाल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो माझ्याबद्दल नव्हता.

"म्हणजे चाचा माझ्याशी खोटं बोलले?"

मी विचारलं, काय बोलले होते?

"घरी बसवलं होतं मला, तेव्हा रूमवर आले. चार जिने चढून. बोलले, अन्वर, माझी जीभ घसरली, माफ कर. हात पुढं केला. मी तो हात धरला नाही साहेब. बोललो, चाचा, तुम्ही जा." त्यानं कप थोडा फिरवला. "मग प्रत्येक रमजानला फोन. इफ्तारला ये म्हणून. मी कधीच गेलो नाही. कबरीवर गेलो तेव्हाही मनात होतं, की मी यांना माफ करायला आलोय."

 मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, इथं दोन कप चहावर मागून काय होणार, माझं नाव तर सगळ्या शारजाला ऐकवलंत. मी म्हणालो, तिथंच मागणार आहे, रेडिओवर. फक्त पुन्हा तुमचं नाव घेऊ की नको, एवढं तुम्ही सांगा. त्यानं कप बाजूला सारला.

"घ्या की. तेव्हा घेतलं होतं ना?"

मॅनेजरला मी रेडिओवर बोलायच्या आदल्या दिवशी सांगितलं. त्याचं म्हणणं पडलं, जुनं उकरून कुणाचं भलं होणार, वकील काय म्हणतील, आणि माणूस तर गेला. मी म्हणालो, एक माणूस गेला, दुसरा आहे. शेवटी तो म्हणाला, एक मिनिट, कंपनीचं नाव नको, आणि पुढचं तुझं तू बघ. ते मी बघतोय. नोकरीचं काय होतं ते अजून कळलेलं नाही. बायकोला मात्र त्या रात्री सगळं सांगितलं.

गेल्या शनिवारी पाच वाजता मी पहिल्यांदा काचेच्या पलीकडे बसलो. इतक्या वर्षांत माइकसमोर कधी बोललो नव्हतो. लिहून आणलेला कागद टेबलावर ठेवला, आणि मग तो वाचलाच नाही. बोललो हिंदीत. मराठीत ते असं:

"मी सुहास, या कार्यक्रमाचा तेव्हाचा प्रोड्यूसर. साडेतीन वर्षांपूर्वी इथून सांगितलं गेलं, की अन्वर दुसऱ्याच्या कार्डावर खेळला. ते खोटं होतं. अन्वर स्वतःच्या कार्डावर, स्वतःच्या नावानं खेळला आणि जिंकला. ती खबर मजीद परकारांनी आणली नव्हती. मी ती न तपासता त्यांना सांगितली, तपासली आहे असं त्यांना खोटंच भासवलं, आणि दोष त्यांच्यावर आला तेव्हा गप्प बसलो. अन्वर, तुमचं क्रिकेट माझ्यामुळं गेलं, ते मला परत देता येणार नाही. मी तुमची माफी मागतो. मजीदभाईंचा हात तुम्ही धरला नाहीत, तोही दोष माझा, तुमचा नाही. झुबेदाभाभी, सना, तुमच्या घरी बसून मी तुमच्याशी खोटं वागलो. माफ करा. आणि मजीदभाई, तुमच्याकडं मागू नको म्हणालात, तरी मागतो. मला माफ करा."